संत्र्याच्या सालीचा फवारा

गप्पराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं ते सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल आहेत, आणि या बावीस वर्षांत त्यांनी तोंडाने जेवढं सांगितलं त्याहून जास्त ओठांवर बोट ठेवून सांगितलं. म्हणून वाचकांनी हे नाव पाडलं, आणि मग ते घरापर्यंत येऊन पोचलं. नव्या माणसाला वाटतं, गृहस्थ गप्पिष्ट असणार. तो हौसेने खुर्ची ओढून बसतो आणि पाच मिनिटांत खट्टू होऊन उठतो.

तर अशा या गप्परावांच्या टेबलावर एका सोमवारी व्यवस्थापन समितीचं पत्र येऊन पडलं. पत्र सात ओळींचं होतं आणि त्यात 'डास' हा शब्द पाच वेळा आला होता. संध्याकाळच्या वाचनकक्षात डासांचा उपद्रव फार वाढला असून वाचकसंख्या सहावर आली आहे. सबब समिती पुढच्या पंधरवड्यानंतरच्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता समक्ष पाहणी करील. डास आढळल्यास वाचनकक्ष पाचलाच बंद करण्यात येईल आणि ग्रंथपालांची सेवा मुख्य कार्यालयाच्या भांडार विभागाकडे वर्ग करण्यात येईल.

भांडार विभाग म्हणजे तळघर. तिथे फिनेलचे कॅन, झाडू, ट्यूबलाइट आणि मोडक्या खुर्च्या असतात. वाचायला म्हणून फिनेलच्या कॅनवरच्या सूचना. गप्परावांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण खरं सांगायचं तर त्यांना स्वतःपेक्षा बसकंडक्टर ताईंची काळजी जास्त होती. उरलेल्या सहा वाचकांत या ताई होत्या. सकाळची पाळी संपवून त्या बरोबर सव्वापाचला यायच्या, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायच्या आणि खात्यातल्या निरीक्षकपदाच्या परीक्षेचा अभ्यास करायच्या. परीक्षा आठ महिन्यांवर होती. घरी दोन खोल्यांत सात माणसं आणि एक टीव्ही. टीव्ही धरला तर आठ, कारण तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलायचा. डास चावू नयेत म्हणून ताई दोन्ही पाय उशीच्या खोळीत घालून वरून नाडी बांधायच्या आणि तशाच तीन तास वाचत बसायच्या. पुस्तक बदलायचं झालं तर खोळीसकट उड्या मारत कपाटापर्यंत जायच्या. उड्यांचा आवाज व्हायचा, पण गप्परावांनी त्यांना एकदाही बोट दाखवलं नाही. यावरून त्यांच्या मनाची अवस्था समजावी.

"सर, हे खरंच बंद करणार का?" ताईंनी पत्राची प्रत वाचून विचारलं.

"डास दिसले तर."

"मग दिसू देऊ नका," ताई म्हणाल्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. जणू डास गप्परावांच्या हाताखालीच कामाला होते.

आता वाचनालयात धूर करता येत नाही, कारण कागद. आग तर नाहीच नाही, कारण पुन्हा कागद. विजेवर चालणारं औषध लावावं तर भिंतीत प्लगच दोन, त्यांतला एक घड्याळाचा आणि दुसरा कित्येक वर्षांपासून 'दुरुस्ती प्रस्तावित'. अशा अडचणीत माणूस देवाकडे बघतो. गप्पराव मासिकांच्या कपाटाकडे बघायचे. छापलेल्या मजकुरावर त्यांचा गाढ विश्वास होता. एका जुन्या गृहोपयोगी मासिकात त्यांना चौकटीतला मजकूर सापडला : संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या सालींत एक तेल असतं, त्याचा वास डासांना सहन होत नाही. अर्क काढावा, फवारावा, निर्धास्त व्हावं. 'निर्धास्त व्हावं' हे वाक्य गप्परावांनी तीनदा वाचलं.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवते. तिला त्यांनी योजना सांगितली तेव्हा ती आठवीचे भूमितीचे पेपर तपासत होती.

"सालं किती लागतील?" तिने मान वर न करता विचारलं.

"ते मासिकात दिलेलं नाही."

"तेल किती निघतं?"

"तेही दिलेलं नाही."

"हॉल केवढा आहे?"

"ते मला माहीत आहे. पन्नास बाय तीस."

"म्हणजे तीन गोष्टींपैकी एक तुम्हाला माहीत आहे आणि तीच निरुपयोगी आहे," बायको म्हणाली. तिने समोरच्या पेपरावर शून्य काढलं. ते नेमकं कोणासाठी होतं हे गप्परावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी इमारतीच्या जिन्यात सूचना लावली : 'सार्वजनिक कार्यासाठी संत्र्या-मोसंब्यांची सालं हवी आहेत. कृपया घर क्रमांक चारच्या दारात ठेवावीत.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर दार उघडेना. दारासमोर सालींचा ढीग लागला होता. त्यात संत्र्याची होती, मोसंब्याची होती, लिंबाची होती, आणि त्याशिवाय केळ्याची, बटाट्याची आणि एक अख्खी कलिंगडाची फोडही होती.

"अहो वहिनी, केळ्याची नको होती," गप्पराव समोरच्या वहिनींना म्हणाले.

"साल ती साल," वहिनी म्हणाल्या. "डासाला काय कळतंय? आणि वाळवू नका हं, ओलीच वापरा."

"वाळवल्याशिवाय हात लावू नका," तळमजल्यावरचे शिंपी खालूनच ओरडले. "ओल्याला बुरशी येते."

"नुसती खिडकीत टांगा," तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी बोललं. "माझ्या आतेबहिणीने टांगली होती. एक डास नाही आला." ही आतेबहीण तेराव्या मजल्यावर राहते आणि तिथे डास तसेही चढत नाहीत, हे पुढे महिन्याभराने समजलं.

पण खरा सल्ला दिला तो वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडर काकांनी. काकांनी चाळीस वर्षं एका दवाखान्यात लाल, पिवळी आणि गुलाबी औषधं कालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना कालवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते पायऱ्या उतरत आले नाहीत, अक्षरशः धावत आले.

"ग्रंथपाल, उकळून काही होणार नाही. वाफेवर काढायचं. कुकर आहे ना घरात? शिट्टी काढायची, तिथे रबरी नळी लावायची, नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडायची. वाफ गार झाली की तेल वर तरंगतं. तेवढंच चमच्याने काढून घ्यायचं. शुद्ध अर्क!"

"कुकर माझा आहे," बायको आतून म्हणाली.

"वहिनी, विज्ञानाचं काम आहे."

"विज्ञानाला स्वतःचा कुकर नाही का?"

शेवटी जुना कुकर मिळाला, ज्याचं झाकण एका बाजूने जरा रुसलेलं होतं. पहिला प्रयोग रविवारी सकाळी झाला. वीस मिनिटं सगळं छान चाललं. बादलीत नळी बुडबुडत होती, बाटलीत थेंब पडत होते आणि कंपाउंडर काका हात मागे बांधून येरझारा घालत होते. एकविसाव्या मिनिटाला नळी निसटली. सुटलेली वाफ छतावर गेली, छतावरून भिंतीवर आणि भिंतीशेजारी टेबलावर आठवी 'ब'चे चाळीस पेपर होते. कोणाला भाजलं नाही हे नशीब. पण चाळीसही पेपर संत्र्याच्या पाण्याने न्हाऊन निघाले. बायकोने ते दोरीवर चिमटे लावून वाळवले आणि शाळेत नेले. मुख्याध्यापिकांनी एक पेपर नाकाशी नेऊन विचारलं, "तुम्ही हे तपासता की सोलता?" हे वाक्य बायकोने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि मग दोन दिवस दुसरं काहीही सांगितलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाला नळीला तारेचा वेढा दिला. तिसऱ्याला कंपाउंडर काकांनी कुकरशेजारीच खुर्ची टाकली. सहा दिवस आणि चार पोती सालींनंतर घरात तीन बाटल्या पिवळसर तेल जमलं. गप्परावांनी प्रत्येक बाटलीवर आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'संत्रा अर्क, क्रमांक १', 'क्रमांक २', 'क्रमांक ३'. सकाळी बघतात तर तिन्ही चिठ्ठ्या खाली पडलेल्या. "हल्ली चिकटपट्टीचा दर्जा राहिला नाही," ते म्हणाले आणि दोऱ्याने बांधल्या. माणूस शिकलासवरलेला असला तरी समोर आलेलं शहाणपण ओळखेलच असं नाही.

चाचणी गच्चीवर झाली. एका वाटी पाण्यात चार थेंब अर्क आणि थोडं स्पिरिट घालून ते गप्परावांनी दोन्ही हातांना, मानेला आणि कानांच्या पाळ्यांना फासलं. शेजारच्या खुर्चीवर बायको बसली, काही न लावता, तुलनेसाठी. हे तुलनेचं काम आहे असं तिला आधी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने गप्परावांच्या अंगावर एकही डास नव्हता.

"यश!" ते म्हणाले.

"यश कसलं! तुमच्याकडचे सगळे बदली होऊन माझ्याकडे आलेत," बायको पायावर चापट मारत म्हणाली. पण उठून खाली जाताना तिने वाटीत बोट बुडवून मनगटाला लावलं आणि हळूच वास घेतला. गप्परावांनी ते पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर माणूस एवढ्यावरही खूश होतो.

आता राहिली परवानगी. वाचनालयात साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, तिथे फवारा म्हणजे केवढी गोष्ट. परवानगी द्यायची होती कार्यालयीन अधीक्षक मॅडमनी. नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांच्या उशाशी असतं असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. त्यांना ते पाठ होतं.

"हे औषध आहे का?" मॅडमनी अर्ज वाचून विचारलं.

"नाही."

"औषध असेल तर आरोग्य विभागाकडे जाईल. मग अत्तर आहे का?"

"तसं म्हणता येईल, पण..."

"अत्तर असेल तर चैनीची वस्तू, अध्यक्षांची सही लागेल. फळापासून केलंय म्हणता, म्हणजे खाद्यपदार्थ?"

"नाही, नाही! खायचं नाही."

"बरं झालं. खाद्यपदार्थाला वाचनालयात बंदी आहे." मॅडमनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "मी असं लिहिते : 'द्रव, सुगंधी, स्वखर्चाने.' पण एक अट आहे. ग्रंथांवर किंवा ग्रंथांजवळ पाण्याचा कोणताही वापर होता कामा नये. कलम चौतीस."

"पण मॅडम, यात पाणी घालूनच..."

"कलम चौतीस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला.

दुसरा कोणी असता तर गुपचूप पाणी घालून मोकळा झाला असता. पण गप्पराव म्हणजे पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर स्वतःच्या मेव्हण्याचाही दंड बावीस वर्षांत कधी माफ न केलेले गृहस्थ. पाणी नाही म्हणजे नाही. त्यांनी कंपाउंडर काकांचा सल्ला घेतला.

"मग पाण्याऐवजी नुसतं स्पिरिट घाला," काका डोळे चमकवत म्हणाले. "उलट चांगलं! पाणी घालून पातळ करायची गरजच काय? दवाखान्यात डॉक्टर नसले की मी असंच द्यायचो. एका डोसात पेशंट परत यायचा नाही."

औषधाच्या दुकानात दोन लिटर स्पिरिट मागितल्यावर दुकानदाराने भुवया वर केल्या.

"कशासाठी हवंय?"

"डासांसाठी."

"जखमा फार झाल्यात का त्यांना?" दुकानदार म्हणाला आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की सुटे पैसे परत द्यायला विसरला. गप्पराव बाटल्या उचलून बाहेर पडले.

शनिवार उजाडला. दुपारी तीनला वाचनालयाचा शिपाई पाठीवर फवारणीचा पंप अडकवून तयार झाला. हा पंप त्याने भावाच्या रोपवाटिकेतून आणला होता आणि तो अडकवल्यापासून त्याची चाल बदलली होती.

"साहेब, डास दिवसा कुठे लपतात माहितेय? पुस्तकांच्या पाठी. अंधारात. तिथेच मारतो."

"मार. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर. एकही सोडू नकोस."

हे शब्द गप्परावांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारले, हे ध्यानात ठेवावं. कारण त्या प्रत्येक कण्यावर एक लेबल होतं. अकरा हजार चारशे पुस्तकं, अकरा हजार चारशे लेबलं. जुनी डिंकाची लेबलं काढून ही नवी, मागून कागद सोलून लावायची लेबलं गप्परावांनी दोन वर्षं रोज थोडी थोडी करत स्वतः लावली होती. प्रत्येकावर क्रमांक त्यांच्या हातचा, शाई काळी, अंक सरळ. कोणत्याही कपाटासमोर उभं राहिलं तर लेबलांची ओळ फुटपट्टीने आखल्यासारखी दिसायची. गप्पराव कधी कधी नुसते ती बघत उभे राहायचे. हा त्यांचा एकमेव छंद होता.

शिपायाने कपाटं आटोपली आणि मग आतल्या बाजूने दाराच्या वर लावलेल्या फलकाकडे मोर्चा वळवला. त्या फलकावर थर्मोकोलच्या सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं की माननीय अध्यक्षांच्या हस्ते या वाचनकक्षाचं उद्घाटन झालं, आणि पुढे अध्यक्षांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"इथे तर लई बसतात साहेब," शिपाई म्हणाला आणि पंपाचा दांडा दाबला.

पाच वाजता वाचनालय असं घमघमत होतं की रस्त्यावरून जाणारी माणसं दारात थबकून आत डोकावत होती. डास एकही नव्हता. गप्परावांनी कपाटामागे बघितलं, पडद्यामागे बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. नाही म्हणजे नाही! बसकंडक्टर ताई आल्या, त्यांनी सवयीने पिशवीतून खोळ काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि खोळ परत पिशवीत ठेवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून त्या बसल्या. गप्पराव उगीचच चष्मा पुसू लागले.

साडेपाचला सगळी इमारत आली. बोलावलं कोणी नव्हतं, पण ज्यांनी ज्यांनी सालं दिली त्या प्रत्येकाला हा अर्क थोडा आपलाही वाटत होता. समोरच्या वहिनी, शिंपी, कंपाउंडर काका, त्यांचा भाचा, भाच्याची बायको, आणि सगळ्यांत मागे हात घडी घालून गप्परावांची बायको. "यात माझ्या मोसंब्याचा वास वेगळा कळतोय," वहिनी म्हणाल्या. सगळे खुर्च्यांवर बसले आणि रिकाम्या हाताने बसायचं कसं म्हणून एकेकाने पुस्तक घेतलं.

बरोबर सहाला समिती आली. पुढे अध्यक्ष, मागे अधीक्षक मॅडम वही घेऊन. अध्यक्षांचं फर्निचरचं मोठं दुकान आहे, त्यामुळे ते कुठेही गेले तरी आधी खुर्च्यांकडे बघतात. आज मात्र त्यांनी आधी वास घेतला.

"वा! काय हो, हे काय लावलंय?"

"संत्र्याच्या सालीचा अर्क, साहेब."

"आणि डास?"

"शोधून दाखवा," गप्पराव म्हणाले. एवढं धाडसी वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते.

अध्यक्षांनी दहा मिनिटं शोधलं. मॅडमनी वहीत लिहिलं : 'डास : निरंक.' अध्यक्ष प्रसन्न झाले. "मग काही प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि तेवढ्यात त्यांच्या बुटावर काहीतरी पडलं. ते एक लेबल होतं.

गप्परावांनी ते चटकन उचललं. उचलताना शेजारी दुसरं पडलं. मग तिसरं. मग पहिल्या कपाटाच्या वरच्या ओळीतून एकदम दहाबारा सरकली आणि भिरभिरत खाली आली. बाकीच्यांनी त्यांचं अनुकरण केलं. सगळ्या हॉलभर, एकूणएक कपाटातून, अकरा हजार चारशे लेबलं आपापल्या सोयीने पुस्तकांचा निरोप घेऊ लागली. काही घरंगळली, काही मध्येच चिकटून लोंबकळली, एक कंपाउंडर काकांच्या टकलावर येऊन बसलं आणि तिथे मात्र पक्कं चिकटलं. त्यावर लिहिलं होतं : 'बालविभाग'.

"अर्क जोरदार आहे," काका अभिमानाने म्हणाले.

"गोळा करा! गोळा करा!" बायको ओरडली आणि सगळी इमारत खाली बसली. लेबलं उचलायला माणसं टेबलाखाली शिरली, एकमेकांवर आपटली, आणि जिथून पडलं त्याच पुस्तकाला लावायचं म्हणजे नेमकं कुठलं यावर भांडू लागली. शिंप्याने स्वयंपाकाच्या पुस्तकाला 'कायदा' लावला. वहिनी म्हणाल्या, अगदी बरोबर आहे. वाचनालयात एवढा गोंगाट त्याच्या स्थापनेपासून झाला नव्हता. आणि गप्पराव, ज्यांच्या एका बोटाने मोठमोठे वक्ते गप्प झाले होते, ते हॉलच्या मधोमध उभे राहून मोठ्याने ओरडत होते, "पाय देऊ नका! शाई ओली झालीय! अहो पाय देऊ नका!"

या गोंधळात अध्यक्ष दाराकडे गेले आणि तिथेच थांबले. वर बघत राहिले. थर्मोकोलची अक्षरं वितळली होती. या तेलाने गोंद सुटतो तसं थर्मोकोलही विरघळतं, हे मासिकात दिलेलं नव्हतं. त्यांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सोनेरी घाम येऊन भिंतीवरून ओघळत होतं. वर फक्त 'माननीय' एवढंच शाबूत होतं, कारण शिपायाचा हात तिथवर पोचला नव्हता.

अध्यक्षांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बंद!" ते म्हणाले. "डास नाहीत ते ठीक आहे. पण ज्या वाचनालयात एक पुस्तक सापडत नाही ते चालवायचं कशाला? कक्ष सोमवारपासून बंद. आणि तुम्ही, भांडारात!"

हॉल गप्प झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा बोट न उचलता. कोपऱ्यात बसकंडक्टर ताई हातात लेबलांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, आपली पुस्तकं एकावर एक रचली आणि पिशवीत भरू लागल्या. गप्परावांना अध्यक्षांकडे बघवेना, फलकाकडे बघवेना आणि ताईंकडे तर अजिबात बघवेना. चूक आपली आहे. दोन वर्षांचं काम आपण स्वतः सांगून पुसून टाकलं, आणि ताईंची जागाही आपणच घालवली. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि इतक्या सालदात्यांसमोर ते बरं दिसलं नसतं.

"बंद करता येणार नाही," अधीक्षक मॅडम म्हणाल्या.

त्या वहीत काहीतरी लिहीतच होत्या. मान वर केली नव्हती.

"का नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"ग्रंथांची ओळखचिन्हं नष्ट झाली आहेत. म्हणजे संपूर्ण साठा पडताळणी आपोआप सुरू झाली. प्रत्येक ग्रंथ नोंदवहीशी ताडून त्याला क्रमांक पुन्हा द्यावा लागेल. कलम एकोणऐंशी. पडताळणी पूर्ण होईपर्यंत वाचनकक्षाच्या वेळेत बदल करता येत नाही, आणि पडताळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदलीही करता येत नाही."

"मग ती लवकर उरका!"

"दिवसाला जास्तीत जास्त पन्नास ग्रंथ. त्यापेक्षा जास्त तपासले तर तपासणी वरवरची समजली जाते. आणि तीही कार्यालयीन वेळेनंतर, वाचकांच्या उपस्थितीत. पोटकलम दोन."

"अकरा हजार चारशे भागिले पन्नास," मागून गप्परावांची बायको बोलली. "दोनशे अठ्ठावीस. कामाचे दिवस. सुट्ट्या धरल्या तर नऊ महिन्यांच्या वर."

बसकंडक्टर ताईंचा हात पिशवीत होता तो तिथेच थांबला. नऊ महिने म्हणजे परीक्षा होऊन वर महिना.

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वही फिरवून त्यांच्यापुढे धरली आणि सहीची जागा दाखवली. नियमापुढे अध्यक्षही माणूसच असतो. त्यांनी सही केली, एकदा वर 'माननीय'कडे पाहिलं आणि निघून गेले.

"मॅडम," गप्पराव कसेबसे म्हणाले, "मी तुमचे आभार..."

"आभार कसले? नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि पाणी घालू नका असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे पाळाल असं मला वाटलं नव्हतं." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "घाई करू नका. घाईची तरतूद कुठेच नाही."

सोमवारी संध्याकाळी गप्पराव नोंदवही, नवी लेबलं आणि काळी शाई घेऊन बसले. आता डिंकाची लेबलं. हॉलमध्ये तेवीस माणसं होती, कारण शनिवारी जी पुस्तकं हाताला लागली ती बऱ्याच जणांची अर्धवट राहिली होती. शिंपी स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन बसले होते. सातच्या सुमाराला वास उतरला आणि तीनचार डासही आले, पण तेवीस जणांत वाटले गेल्यामुळे कोणाच्या वाट्याला फारसे येत नव्हते. कोपऱ्यात ताई रस्ते वाहतुकीचे नियम पाठ करत होत्या, ओठ हलवत, मधूनच मोठ्याने.

गप्परावांचा हात तरबेज. पन्नास लेबलं म्हणजे त्यांना तासाभराचं काम. पण आज त्यांनी प्रत्येक पुस्तक उघडलं, पानं चाळली, काही ठिकाणी थांबून वाचलं, मग सावकाश क्रमांक लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि लेबल लावलं. आठ वाजता ताईंनी पिशवी उचलली आणि टेबलाशी आल्या.

"सर, आज किती झाली?"

"अकरा."

"पन्नास करायची होती ना?"

"जास्तीत जास्त पन्नास. कमीत कमी किती, ते कलमात दिलेलं नाही. मी पाहिलं."

ताई हसल्या आणि गेल्या. गप्परावांनी अकराही पुस्तकं ओळीत उभी केली आणि लांबून बघितली. शेवटचं लेबल केसभर तिरकं वाटत होतं. खरं तर नव्हतं. त्यांनी ते ओलं असतानाच नखाने हळूच सोडवलं, टोपलीत टाकलं, आणि नोंदवहीत आजच्या तारखेपुढे लिहिलं : दहा.